कोरियाचा डायरेक्टर अन् वच्छलाबाईचा डबा

हॅलो?… हो कपिल, मायच बोलून राह्यली… कुठं, पुण्याच्या स्टँडवर?… अन् गाडीत चढला नाही ना अजून?… मंग उभा राह्य तसाच. आयक माह्यं.

हो, हो, समजलं. फेस्टिवलवाल्यायनं तुहा सिनेमा घेतला नाही. निकितानं सांगतलं सकाळीच… तिच्यावर कायले चिडतं, बहीण हाये तुही… कायमचा येतो? घाटंजीत दुकान टाकतो? टाक ना, कोण नाही म्हणते. पण आंधी मले बोलू दे.

तो कोरियाचा डायरेक्टर, चष्मेवाला, ज्याचा फोटो तू खोलीत चिकटवला… तोच. निकितानं त्याची मुलाखत लावली मोबाईलवर, अन् मराठीत सांगत गेली. माह्या भेंड्या चिराच्या राह्यल्या.

अरे, आज त्याले जगभरची बक्षिसं हायेत, पण पह्यला सिनेमा पार आपटला होता. थेटरात चिटपाखरू नाही. मंग बायकोच्या खानावळीत भांडे घासले म्हणे त्यानं, लोकायच्या लग्नाचे व्हिडिओ काढले… मले म्हाईत हाये तुले म्हाईत हाये! पण तू निसते बक्षिसं पाह्यतं, मधातले वर्षं नाही पाह्यत.

त्याले इचारलं, मंग सोडलं काहून नाही? तं म्हणे, थेटर झाडणारी बाई त्याले रोज इचारे, पडद्यावरचं ते उपाशी पोरगं जेवलं काय. तिच्यासाठी दुसरा काढला. दुसऱ्याच्या मांगं तिसरा.

तुले कोण इचारते?… थांब ना, तेच तं सांगून राह्यली.

काल सांजच्याला निकितानं मारुतीच्या पारावर चादर बांधून तुहा सिनेमा लावला… हो, तुले न इचारता. ये मंग भांडाले. त्यात मरणाऱ्या बापाचं काम तू बाबालेच देलं ना, त्यायले सरणावर नेते तिथं म्हातारे उठून उभे राह्यले. म्या तं पदरच तोंडात धरला.

अन् आज सकाळी शेजारची वच्छलाबाई दारात. हातात डबा, पिठलं अन् भाकर. म्हटलं, काकू, हे काय? तं म्हणे, कडू घास आणला. घरातलं माणूस गेलं, तुह्या घरी चूल कशी पेटन?… अरे, बाबा तिथंच ओट्यावर चहा पिऊन राह्यले होते… नाही, येडी नाही झाली ती. म्हणे, "जिता हाये हे दिसते मले. पण काल याले जाताना पाह्यलं म्या. रात्री माह्याच्यानं जेवण झालं नाही. मयतीच्या घरी आणलेला डबा वापस नेत नसतेत."

बाबा?… तेच तं. सरणावर निजवलं म्हणून वर्षभर तुह्याशी धड बोलले नाहीत ना ते? आज त्यायनंच डबा उघडला. भाकर मोडली, अर्धी मले देली. आपल्याच मयतीचा घास खाल्ला रे त्यायनं. मंग उपरण्यानं डोळे पुसले अन् म्हणाले, "पोट्ट्याले फोन लाव. इकडे येऊ नको म्हणा, दुसरा काढ. अन् त्यात मले जिता ठेव."

हॅलो?… कपिल?… रडून राह्यला काय?… रड, पण रस्त्यातून बाजूले हो… गाडी गेली?… जाऊ दे.

ठेवते आता. वच्छलाबाईचा डबा घासून द्याचा हाये. त्यात शिरा घालते. आपल्या घरी कोणी गेलं नाही, बाबू.