दीड फूट उघडा पाइप

...आणि वर मलाच विचारतात, "सत्यजित, तू नक्की इंजिनिअरच आहेस ना रे?" कोण विचारतं? माझी सख्खी आई! चार वर्षं, तुम्हाला सांगतो, चार वर्षं मी या शहराचा हीटिंगचा प्लांट बदलतोय, डोक्यावर होते नव्हते ते केस गेले, आणि घरात काय, तर दही लागत नाही म्हणून माझ्या नावानं शिमगा!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आम्ही राहतो शिकागोपासून चार तासांवर. तिथं डाऊनटाऊनमधल्या एकाही बिल्डिंगला स्वतःचा बॉयलर नाही, सगळ्यांचा मिळून एकच प्लांट. हिवाळ्यात रस्त्याखालच्या पाइपांमधून वाफ पाठवायची, उन्हाळ्यात गार पाणी. जुना प्लांट बासष्ट वर्षांचा! अर्धी वाफ रस्त्यात गळायची आणि उरलेली आमच्या घरात. बाहेर गुडघाभर बर्फ आणि मी बनियनवर, खिडक्या सताड उघड्या! लाज वाटायची हो मला. म्हणून नवा बांधला. वाफ बंद, गरम पाणी सुरू, पाइप बाळंतिणीसारखे गुंडाळलेले. एक डिग्री वाया जात नाही!

आणि तिथंच घात झाला. कारण आमच्या कोटांच्या कपाटातनं जुना वाफेचा पाइप जायचा आणि त्याला टेकून आईचं दह्याचं पातेलं असायचं. नऊ वर्षं! मला काय माहीत? मी आपला कोट काढायचो आणि जायचो!

प्लांट सुरू झाला सोमवारी. मंगळवारी दूध तसंच. बुधवारी तसंच. कादंबरी, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "आई, इलेक्ट्रिक कुकर आहे की, त्याला दह्याचं बटणच आहे." "बटणानं दही लागतं होय ग?" "मग ओव्हनचा दिवा लावून ठेवा." तर ओव्हनचा दिवा कुणी बदलला होता? मीच! एलईडी! तोही गरम होत नाही. म्हटलं ना, एक डिग्री वाया जात नाही!

गुरुवारी ऑफिसात कंप्लेंट आली. 'रहिवासी: शोभा, वय ७४. घर गरम आहे. तरी नवीन प्लांट बेकार. जुना परत लावा.' म्हणजे आमची आई! माझ्याच घरचा पत्ता! आणि आमचा ऑपरेटर अर्ल, एकतीस वर्षं नोकरी, फार सज्जन माणूस, म्हणाला, "बॉस, रूल इज रूल, बघायला जावं लागेल." गेलो! माझ्याच घराची बेल वाजवली! अर्लनं थर्मामीटर काढला, "सेव्हन्टी टू फॅरनहाइट, मॅम. परफेक्ट." आई म्हणते, "खोलीत काय बघतोस बाबा, दुधात बघ!"

मी चिडलो. म्हटलं, "आई, दुकानात दही मिळतं ग! रविवारी पाडवा, श्रीखंडाला चक्का विकत आणू, चाळीस माणसांत कुणाला कळतंय?" आई उठली. फ्रीजमधनं वाटी काढली. तळाशी दोन चमचे विरजण. म्हणाली, "माझ्या आईच्या घरचं आहे रे हे. साताऱ्याहून पर्समध्ये लपवून आणलं होतं. तिचं एवढंच उरलंय माझ्याकडं. आता एकदाच पुरेल." आणि डोळ्याला पदर. आता सांगा, कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे याचं उत्तर?

शुक्रवारी मी मोठ्या डब्यात कोमट दूध, त्यात ते दोन चमचे, असं मांडीवर धरून प्लांटवर गेलो. म्हटलं, अख्ख्या शहराला ऊब देणारा प्लांट, एक पातेलं नाही उबवणार? तर तुम्हाला सांगतो, कुठं हात लावाल तिथं गार! पाइप गार, व्हॉल्व्ह गार, बॉयलरचं दारसुद्धा गार! मीच लिहिलं होतं ना, सगळं गुंडाळा म्हणून! इतका राग आला मला माझाच!

शेवटी इकडं तिकडं बघितलं, शहरातनं परत येणाऱ्या कोमट पाण्याच्या पाइपाचं आवरण दीड फूट कापलं आणि डबा टेकवला. अर्ल बॅटरी धरून उभा. "बॉस, धिस इज युवर ओन ड्रॉइंग." म्हटलं, "गप रे, हलू नकोस, दूध हलेल."

संध्याकाळी झाकण उघडलं... असं दही, असं दही! सुरीनं वड्या पाडाव्यात! आईनं आधी दोन चमचे विरजण बाजूला काढलं, मग माझ्या तोंडावरनं हात फिरवला. पाडव्याला अर्लनं तीन वाट्या श्रीखंड खाल्लं.

मिटलं म्हणता? परवा इन्स्पेक्टर आला. सगळा प्लांट बघून खूश आणि नेमका त्या पाइपापाशी थांबला. "हे उघडं का?" अर्ल शांतपणे म्हणतो, "प्रोसेस रिक्वायरमेंट, सर." त्यानं लिहून घेतलं, सही केली, गेला!

मी अर्लचे आभार मानायला वळलो, तर हा मान खाली घालून म्हणतो, "बॉस, माझ्या बायकोच्या ब्रेडचं पीठ फुगत नाहीये... अजून एक फूट कापता येईल का?"

कापला. काय करणार? बाकी प्लांट चोख आहे हो, एक डिग्री वाया जात नाही... अडीच फूट सोडले तर.