भरवशाची बंदूक

दिपक : हात लावू नकोस तिला. जिथे आहे तिथेच राहू दे, आणि तू मागे सर.

लडक्या : मागं फुगे हायत, सायेब. मागं सरलो तं बसंन त्यांच्यावर.

दिपक : मग बाजूला सर. चौकशी आहे.

लडक्या : कसली चवकशी? दरसाल तुमी येता, दहा छरे मारता, एक बी फुगा फुटत नाय, मला शिव्या घालता नि जाता. औंदा वर्दीत आलात म्हणून जरा भ्यालो.

दिपक : दरवर्षी गिऱ्हाईक म्हणून येतो. आज पोलीस म्हणून आलोय. हे बघ, कालपासून डहाणू-तलासरीच्या सगळ्या ग्रुपवर फिरतंय. वाच.

लडक्या : चष्मा घरी सायवनला ऱ्हायला. तुमीच वाचा.

दिपक : 'सावधान! महालक्ष्मीच्या जत्रेत लष्करी बंदूक. आपापली मुले सांभाळा. हा मेसेज दहा जणांना पाठवा.' आणि खाली फोटो.

लडक्या : हा तं रघ्या! माझा मेव्हणा. काळा चष्मा कुणाचा घातला त्यानं? पण फोटोत बरा दिसतोय. लग्नासाठी पोरीवाल्यांना हाच दाखवावा.

दिपक : मेव्हण्याचं राहू दे. त्याच्या हातात काय आहे ते बघ.

लडक्या : माझी बंदूक हाय. छऱ्याची. फुगे फोडायची.

दिपक : आम्हाला ट्रेनिंगमध्ये चित्र दाखवलं होतं. याला बुलपप म्हणतात. चाप पुढे, छरा भरायचं घर मागे, पार गालाखाली. म्हणून नळी लांब असून बंदूक बुटकी. मोठमोठ्या देशांचं सैन्य असल्या बंदुका वापरतं.

लडक्या : मी बी बुटकी म्हणूनच घेतली. जीपमदी मावते. लांब बंदूकवाला गर्दीत वळला का मागच्याच्या कानात नळी. चौदा साली वापीला एक जण विकत व्हता, त्याच्याकडं सगळ्यात स्वस्त हीच. पाड्यावर सगळे हसले, बोलले, लडक्यानं भिंतीला भोकं पाडायचं मशीन आणलं.

दिपक : हे बघ, निवडणूक आलीय. आचारसंहिता लागलीय. लायसनवाल्यांच्या बंदुकासुद्धा ठाण्यात जमा आहेत.

लडक्या : सायेब, फुग्यांना मत नाय.

दिपक : चेष्टा करू नकोस. साहेब म्हणाले, जाऊन बघ, घातक वाटली तर चौकीत जमा कर. जत्रा संपली की परत मिळेल.

लडक्या : जत्रा संपल्यावर मी तिच्यानं चिकू पाडू काय? आख्ख्या सालात हाच पंधरा दिसांचा धंदा. त्यावर आमचा पावसाळा निघतो. त्या चिमीकडं बगा, माझी बायको हाय ती, सकाळपासून फुगे फुगवून तिचे गाल सुजलेत. भांडायचं हाय तिला माझ्याशी, पण तोंडात फुगा हाय.

दिपक : म्हणून तर सोपा रस्ता सांगतो. मी मोबाईल धरतो. तू बंदूक हातात घे आणि बोल, 'ही बंदूक वाकडी आहे. कितीही नेम धरला तरी फुगा फुटत नाही.' व्हिडिओ साहेबांना जाईल, साहेब अफवा थांबवायला तोच सगळ्या ग्रुपवर टाकतील. तुझी बंदूक तुझ्याकडे.

लडक्या : हळू! हळू बोला, सायेब. मागं लाईन लागलीय.

दिपक : लागू दे. बोल, वाकडी आहे.

लडक्या : वाकडी कशी? नाकासमोर मारते.

दिपक : लडक्या!

लडक्या : बंदूक सरळच हाय. छरा जरा डावखुरा हाय.

दिपक : हे आज बोलतोयस! चौदा साली काय म्हणाला होतास मला? लग्नाला महिना झाला होता माझ्या. नव्या नवरीला म्हटलं, बघ, पोलिसाचा नेम कसा असतो. दहा छरे मारले. दहाच्या दहा मागच्या पत्र्यावर. टण्, टण्, टण्. आणि तू काय म्हणालास?

लडक्या : आठवत नाय.

दिपक : मला आठवतं. म्हणालास, 'सायेब, एक डोळा फुग्यावर नि एक नवरीवर ठेवला तं असंच होणार.' सगळी जत्रा हसली. ही सगळ्यात जास्त हसली. सासऱ्यांपर्यंत गोष्ट गेली. धाकट्या डहाणूला सासरवाडी माझी. तेव्हापासून दर होळीला ताटात पापलेट वाढलं की सासरे विचारतात, 'जावईबापू, फुगा फुटला का?' पापलेट घशाखाली उतरत नाही.

लडक्या : काटा असंल.

दिपक : आणि हे फुगे बघ. दुसऱ्यांच्या दुकानात फुग्याला फुगा चिकटलेला असतो. तुझ्या दोन फुग्यांच्या मधून बैलगाडी जाईल. एवढी जागा कशाला?

लडक्या : हवा खेळती ऱ्हाते.

दिपक : ते पिवळं अस्वल? पहिलं बक्षीस म्हणून चौदा सालापासून तिथेच टांगलंय ना?

लडक्या : तेपन टिकाऊ हाय. प्लास्टिक नाय काढला त्याचा.

दिपक : ते काही नाही. व्हिडिओत बोल, नाहीतर बंदूक दे.

लडक्या : असं करू. तुमीच मारा ना दहा छरे. एक बी नाय फुटला का सायेबांना तेच दाखवा. मला काय बोलायला लावू नका.

दिपक : आण इकडे. हा धर मोबाईल, शूटिंग चालू आहे. लाल फुगा. बरोबर मध्यावर नेम धरलाय, बघ. हा पहिला... गेला. दुसरा... अरे! तिसरा...

लडक्या : झाले दहा. शाब्बास, सायेब! एक बी नाय. चौदा साली तेवढाच, औंदा बी तेवढाच.

दिपक : बघितलंस? हा पुरावा.

लडक्या : हाय, पण कशाचा? बंदूक वाकडी हाय याचा, का तुमचा नेम वाकडा हाय याचा? तुमचे सायेब इचारतील.

दिपक : ...हं. विचारतील. ते असंही विचारतात. मग तू मार. दुकान तुझं, बंदूक तुझी. तुझ्याकडून नाही फुटला तर कुणी काही बोलणार नाही. मी शूटिंग करतो. सरळ नेम धर.

लडक्या : सरळच धरतो. त्यात काय.

(तीन छरे, तीन फुगे. रांगेतून टाळ्या.)

लडक्या : अरे देवा.

दिपक : लडक्या!

लडक्या : मी नाय मारले, सायेब! हात गेला. सवय हाय हाताला. दरसाल सकाळी पयले तीन फुगे मीच फोडतो, लोकांना दावायला का फुटतात म्हणून. हात आपला आपण उजवीकडं जातो. परत मारू?

दिपक : नको! आता व्हिडिओत काय दिसतंय? मालकाने तीन छऱ्यांत तीन फुगे उडवले. ही घातक बंदूक आहे. चल, बांध. चौकीत जमा.

लडक्या : सायेब, नका नेऊ. आता सांगतो खरं. हळू सांगतो, इकडं या. चौदा साली पयल्याच दिशी चारोटी नाक्यावर जीपमदनं खाली पडली. मी रडलो. म्हटलं, गेली. तरी दुकान लावला. त्या दिशी आख्ख्या जत्रेत एक फुगा नाय फुटला. मी म्हटलं, देवी पावली. तेव्हापासून पावसात भिजली, नदीत पडली, रघ्या तिच्यावर झोपला. प्लास्टिकला तडा गेला तिथं सायकलची ट्यूब गुंडाळली. पण मार तोच. चार बोटं डावीकडं. पाच सालांत एकदा बी सरळ नाय मारली. अशी भरवशाची बंदूक मिलिट्रीकडं बी नसंल!

दिपक : हेच. हेच बोल, मोठ्याने. मोबाईल धरतो.

लडक्या : मोठ्यानं बोललो तं उद्यापासून सगळं डहाणू चार बोटं उजवीकडं धरील. फुगा नाय ऱ्हाणार नि अस्वल बी नाय. त्यापक्षा बंदूकच घेऊन जा.

हर्षदा : अहो! मी तिकडे उसाचा रस घेऊन कधीची उभी आहे. बर्फ वितळला. अजून फुगा फुटतोय का बघताय?

दिपक : हर्षदा, तू मध्ये पडू नकोस. सरकारी काम आहे.

लडक्या : या ताई, या. ही घ्या औंदाची फणी. हिरवी ठेवलीय तुमच्यासाठी.

दिपक : तू हिला दरवर्षी फणी का देतोस रे? मला कधी काही दिलं नाहीस.

लडक्या : तुमाला केस कुठं हायत, सायेब.

हर्षदा : झालंय काय?

दिपक : बंदूक जमा करतोय. ती वाकडी आहे हे हा कबूल करत नाही, आणि माझं कुणी खरं मानत नाही. मी चुकतो तर म्हणे माझा नेम वाकडा. हा मारतो तर फुगा फुटतो.

हर्षदा : एवढंच? धरा हा रस. मोबाईल चालू ठेवा. लडक्यादादा, रांग जरा मागे सरकवा आणि दोन छरे द्या.

दिपक : तुला काय जमणार आहे? तू कधी बंदूक धरली आहेस?

हर्षदा : हा निळा फुगा. पहिला छरा मध्यावर धरते. बघा... टण्. गेला डावीकडे. आता चार बोटं उजवीकडे धरते. हे घ्या.

लडक्या : फुटला.

हर्षदा : झालं तुमचं सरकारी काम. बंदूक वाकडी आहे, दिसलं. पाठवा साहेबांना.

दिपक : थांब. थांब जरा. चार बोटं तुला कुणी सांगितली?

हर्षदा : सांगायला कशाला हवं? आमच्या खाडीत ओढ डावीकडे असली की बाबा होडीचं नाक उजवीकडे धरतात. तसंच हे.

दिपक : ते कळलं. पण बंदूक डावीकडे मारते हे तुला कधी कळलं?

हर्षदा : रस सांडतोय तुमचा, नीट धरा.

दिपक : लडक्या, तू बोल.

लडक्या : मला काय इचारता, सायेब. मी फुगे लावतो.

दिपक : फणी कशाची?

लडक्या : चौदा सालची. तुमी रागानं रस प्यायला गेलात, तवा ताईनं पाच छरे घेतले नि पाच फुगे फोडले. मी पाया पडलो, म्हटलं, ताई, कुणाला बोलू नका, दरसाल एक फणी देतो. अस्वल देत व्हतो, पण त्या बोलल्या, अस्वल घरी नेलं तं ह्यांना कळंल.

दिपक : चौदा साली! हर्षदा, पाच वर्षं तुझे वडील मला टोचतायत. मी रात्री आरशासमोर काठी धरून नेमाचा सराव केलाय.

हर्षदा : माहीत आहे. मी झोपल्याचं सोंग करायची.

दिपक : भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा! स्वतःच्या बायकोला माहीत, आणि ती सगळ्यांच्या पुढे हसतेय.

हर्षदा : हसायला येत होतं, म्हणून हसत होते. पण एक सांगू? त्या दिवशी तुमचे दहाच्या दहा छरे पत्र्यावर एकाच जागी लागले होते. एकच खळगा पडला होता. ज्याचा नेम चुकतो त्याचे छरे गावभर जातात. तेव्हाच मला कळलं, माणूस सरळ आहे. बंदूक वाकडी.

दिपक : मग हे मला का नाही सांगितलंस?

हर्षदा : सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी येऊन सगळे फुगे फोडले असते.

दिपक : मग? फोडले असते तर काय झालं असतं?

हर्षदा : संपलं असतं ना. बंदोबस्त, नाईट ड्युटी, कोर्ट. या पाच वर्षांत तुम्ही मला दुसरीकडे कुठे नेलंय? दिवाळीला नाही, माहेरच्या लग्नांना नाही. पण चैत्री पुनव आली की तुम्हीच म्हणता, चल, औंदा फोडतोच. रजा मागता. नवा शर्ट घालता. आज रजा नाही मिळाली, तरी ड्युटीवर येताना मला मागे बसवून आणलंत. मला तेवढं पुरत होतं.

लडक्या : सायेब, तो व्हिडिओ पाठवायचा तं पाठवा. ताईनं खरं तेच दावलं. बंदूक वाचली हेच खूप. पुढल्या साली मी इथं गोडी शेव विकीन.

दिपक : तू गप्प बस. दोघंही गप्प बसा, साहेबांना फोन लावतोय. हॅलो, जय हिंद साहेब. जत्रेतून बोलतोय. बघितली, साहेब. दिसायला तेवढी मोठी, बाकी काही नाही. छऱ्याची आहे, फुग्याची... नाही साहेब, अजिबात घातक नाही. स्वतः खात्री केली. दहा छरे मारले, एकही फुगा फुटला नाही... नाही, बंदूक ठीक आहे, साहेब. माझाच नेम... हो साहेब. हो, व्हिडिओ आहे. माझा, दहा छऱ्यांचा. ग्रुपवर टाकणार? ...टाका, साहेब. हो, मीच आहे त्यात. जय हिंद.

हर्षदा : अहो, तो सगळे बघतील. बाबापण आहेत ग्रुपवर.

दिपक : टोमण्यांसकट पापलेट खायची सवय झालीय. बाकीचे दोन्ही व्हिडिओ पुसून टाक. हा घे मोबाईल.

लडक्या : सायेब... ए चिमी, तो फुगा सोड नि अस्वल काढ खाली. सायेबांना देऊ.

दिपक : अस्वल राहू दे तिथेच.

लडक्या : मग एक काम करा. तुमाला हक्कानं शिकवतो. इथं उभं ऱ्हा, गाल असा टेकवा नि चार बोटं उजवीकडं...

दिपक : नको रे. फुटला तर पुढच्या वर्षी कशाला यायचं?