गोमाकाकांच्या म्हशी आणि आमचं गवत

शेजाऱ्याशी झालेलं भांडण मिटवायचं कसं, ते आमच्या बाबांकडून शिकावं. महायुद्धाच्या वर्षांतलं सांगते. टोकावड्याला आमच्या शेताच्या कडेला पाच-सहा जुने आंबे होते. त्यांच्याखाली कमरेइतकं गवत यायचं आणि बैलांचा उन्हाळा त्यावर निघायचा. पण चैत्र लागला की शेजारचे गोमाकाका भर दुपारी आपल्या म्हशी त्या सावलीत आणून बांधायचे. बाबा रोज जाऊन ओरडायचे, “गोमा, सगळी जागा घाण केलीस! ने तुझ्या म्हशी!”

एका वर्षी गोमाकाकांना राग आला. त्यांनी म्हशी सोडल्या आणि ओढ्याकाठी स्वतःच्या जांभळींखाली नेऊन बांधल्या. बाबा खूश. त्यांनी आंब्याखालची जमीन अंगणासारखी झाडून घेतली, पाचोळासुद्धा ठेवला नाही.

पावसाळा सरला. आंब्याखाली गवत आलं ते टकलावरच्या केसांसारखं. जांभळींखाली मात्र रेडकू दिसेना, एवढं.

आई म्हणाली, “म्हशींचं शेण-मूत पडत व्हतं, तवर जमिनीचं पोट भरत व्हतं. आता बैलांना काय घालणार? जावा, हात जोडा.”

बाबा गेले. “गोमा, म्हशी परत बांध बाबा.”

“बांधतो,” गोमाकाका म्हणाले, “पण तू रोज येऊन ओरडायचास. त्याबिगर माझ्या म्हशी रवंथच करीत नाय.”

पुढच्या चैत्रात आई दुपारी जेवायला हाक मारायची, तर बाबा पायात वहाणा घालत म्हणायचे, “थांब गो, ओरडून येतो.”