देवीसमोर तळपाय

एक्स-रेच्या खोलीबाहेर जय सुजलेला अंगठा सांभाळत बसला होता. शेजारी बसलेल्या सीतालक्ष्मीबाई अर्धवट उघड्या दाराकडे बघत म्हणाल्या, “शुक्रवारी चामुंडी बेट्टाच्या, देवीच्या डोंगराच्या, हजार पायऱ्या चढायचं ठरलं, अन् आज ह्यांचा घोटा मुरगळला बघा.”

आत एक्स-रे काढणाऱ्या आभाताई बाईंच्या नवऱ्याला, गुंडेरावांना, टेबलावर झोपवत होत्या.

“आजोबा, पाय सरळ करा. पाऊल थोडं आत वळवा.”

“समोर चामुंडीचा फोटो आहे, ताई. देवीला तळपाय दाखवू?”

“मग डोकं तिकडे करा.”

“मग तळपाय तुमच्याकडे. तुम्ही लेकीसारख्या.”

“मी पडद्यामागे जाते.”

“देवीलापण न्या की.”

“माझा हात पोचत नाही तिथवर.”

“थांबा, मीच काढतो.”

स्टूल सरकलं.

“आजोबा, तुम्ही स्टुलावर चढलात.”

“हं.”

“दुखऱ्या पायानं.”

गुंडेराव स्टुलावरून खाली उतरले.

“अय्यो, देवीचा चमत्कार, ताई. फोटोला हात लावला अन् दुखणं गेलं.”

दाराबाहेर सीतालक्ष्मीबाईंनी पिशवी उचलली.

“री, अहो, मग शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं? आत्ताच पायऱ्या चढून देवीचे आभार मानू.”

“ताई,” गुंडेराव म्हणाले, “दुसऱ्या पायाचापण एक्स-रे काढा. सावकाश काढा.”