पाठीचा तुकडा

प्रयोगशाळेच्या खिडकीसमोरच्या रांगेत उभ्या सुताराने पुढच्या नवरा-बायकोकडे बघायचं टाळलं, पण कान काही मिटता येईनात.

"कॅन्सर नाही, पण पेशी बदलायला लागल्यात, असं डॉक्टरीणबाई तुमच्यासमोरच म्हणाल्या होत्या ना?"

"हळू बोल."

"का? दातावर दात रोवून मी तपासणीसाठी तुकडा काढू दिला. तुम्हाला नुसती बाटली इथे आणून द्यायची होती."

"दिली की."

"आणि कुठला तुकडा विचारल्यावर पाठीचा म्हणालात."

"मागे माणसं उभी होती गं."

"म्हणून पाठीचा? आतला तुकडा पाठीचा दिसेना, म्हणून बाटल्यांची अदलाबदल झाली असं समजून इथल्या लोकांनी पुन्हा मागवला. आज परत काढला. तुमचा नाही, माझा."

"चुकलं म्हटलं ना."

"चुकलं नाही, लाजलात. दोन्ही पोरं तिथूनच आली. तेव्हा गल्लीभर मिरवत होतात."

खिडकीतल्या बाईंनी बाटली हातात घेतली.

"कुठला तुकडा?"

"यांना विचारा."

नवऱ्याने मागे वळून पाहिलं. सुतार छताकडे बघू लागला.

"गर्भाशयाच्या... तोंडाचा."

"ऐकू आलं नाही."

"मलाही नाही," बायको म्हणाली.