धुळाप्पामामांचे डोळे

न्हाय पण तुम्हीच सांगा, सकाळी सात वाजता येऊन बघावं तर आठच्या आठ मशीनं नुसती लोळत पडलेली, कुणाचे हात शिवशिवणार न्हाईत? मशीनं इथं धाराशिवच्या ऑफिसात न्हाईत बरं का, लांब कुठंतरी क्लाउडवर, भाड्यानं घेतलेली. काम काय त्यांचं? तर लोहाऱ्याकडच्या तीन हजार शेळ्यांच्या गळ्यात आमचे पट्टे हायत, पट्टा सारखा निरोप धाडतो, 'मी इथं हाय, मी इथं हाय', मशीनं ते वाचतात आणि माझ्या स्क्रीनवर ठिपके हलतात. म्हटलं, आठ कशाला? सहा बंद केली! गर्दी झाली की मशीनं आपोआप वाढायची सोय असते, ती पण बंद, कारण ती मेल पाठवून पाठवून डोकं खायची... चूक माझीच, तुम्हाला सांगतो, शंभर टक्के माझीच!

पण सातला शेळ्या बसलेल्या असतात हो! बसलेल्या शेळीचा पट्टा बोलून बोलून बोलणार किती? नऊला तीन हजार शेळ्या एकदम चरायला सुटल्या, निरोपांचा हा ढीग, आणि माझी दोन मशीनं बिचारी मागचेच निरोप वाचत बसलेली! मला पत्ता न्हाय.

तेवढ्यात धुळाप्पामामांचा फोन. सत्तरीचा माणूस, सगळी हयात शेळ्यांमागं गेलेली.

"साहेब, माझ्या बारा शेळ्या दिसंनात."

"मामा, विहिरीपाशीच हायत, मला दिसतायत की!"

"अवो, मी विहिरीपाशीच हुबा हाय!"

"मग नीट बघा!"

नीट बघा म्हणालो हो मी! त्या माणसाला! म्हातारा विहिरीभोवती तीन चकरा मारून आला, मग आत पडल्या काय म्हणून पायऱ्या उतरून पाण्यात काठी घालून बघितली... आणि शेळ्या कुठं? सखूबाईंच्या हरभऱ्यात! घाटे नुकते भरलेले! "डोळं फुटलं का तुझं, धुळाप्पा? अर्धं वावर साफ झालं!" सगळ्या गावासमोर. मामा मान खाली घालून शेळ्या हाकत निघाले. माझ्या स्क्रीनवर ठिपके हरभऱ्यात शिरले पाऊण तासानं, तवा शेळ्या झाडाखाली रवंथ करत होत्या. चूक माझीच!

दुसऱ्या दिवशी गेलो. आधी सखूबाईंना खरं सांगितलं, त्यांनी जे ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं न्हाय. मग मामांकडं. ते लोहाऱ्याहून डोळे तपासून आलेले!

"डाक्टर म्हनतो, डोळं शाबूत हायत. त्याला काय कळतंय? मशीनला दिसल्या, मला न्हाय."

"मामा, तुमचे डोळे बरोबर हायत! मशीन मागं पडलं होतं, आणि ते माझ्यामुळं. चूक माझीच!"

मामांनी माझ्या पाठीवरनं हात फिरवला. "ऱ्हाऊ द्या साहेब. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हनून आळ अंगावर घेता व्हय? लई मोठं मन तुमचं."

आता बोला! आठही मशीनं चालू केली, आपोआप वाढायची सोयही केली, मेलही सगळे वाचतो... पण रोज दहाला मामांचा फोन येतोच.

"साहेब, काळी शेळी माझ्या म्होरं हुबी हाय... हाय न्हवं?"

आणि मी आपला स्क्रीन बघून सांगतो, "हाय, मामा."