डोहाळ्याची साडी

(आष्टी तालुक्यातली चारा छावणी, दुपार. छबू गुरांना कडबा टाकतेय. पुण्याच्या डॉक्टर वैजयंती गाडी लांब लावून चालत आल्यात.)

छबू: तिथं नका बसू डॉक्टरताई, म्हशीनं आत्ताच मुतलंय. हितं गोणीवर बसा.

डॉक्टर: चालेल मला.

छबू: तुमाला चालंल, म्हशीला न्हाई चालायचं. परकं माणूस दिसलं की शिंगं हलवती ती.

डॉक्टर: आशाताईंनी सांगितलं, तुम्ही घरीच जात नाही.

छबू: गुरं छावणीत, म्हणून मी छावणीत. दुष्काळाचं एवढं एक बरं हाय, कुणी इचारत न्हाई घरी का जात न्हाईस म्हणून.

डॉक्टर: गोधडीमुळे झालं ना हे?

छबू: ठावं हाय तर इचारता कशाला?

डॉक्टर: नीट कळलं नाही मला. नाव लावलं नव्हतं आपण. फोटो नाही. गावाचं नावसुद्धा नाही. नुसती गोधडी होती भिंतीवर.

छबू: गोधडीला नाव लागतं व्हय? आमच्या आळीत कुणाची बी गोधडी काढा. हे सासऱ्याचं धोतर, ही नणंदंची साडी, हा पोराचा शाळंचा सदरा. आंधळी म्हातारी बी चाचपून सांगती.

डॉक्टर: कोणी पाहिली?

छबू: आत्याबाईनं. माझ्या सासूनं. कारखान्याच्या सभंला मेंबरांना साखर वाटत होते. आत्याबाईचे भाऊ मेंबर हायत. त्यांची बायको रुक्मिणीमामी आन आत्याबाई, दोघी गेल्त्या साखर आणाया. तर सभंच्या हॉलात भिंतीवर तुमच्या गोधड्या. मामी म्हणली, अगं बायना, ही तर तुझ्या छबूच्या डोहाळजेवणाची साडी. रांगंत उभ्या होत्या सगळ्या. सगळ्यांत म्हणली.

डॉक्टर: साडी ओळखली, ठीक. पण तेवढ्यावरून...

छबू: ताई, डोहाळ्याची हिरवी साडी पेटीत ठेवत्यात. पुढच्या खेपंला पुन्यांदा नेसायची असती. अजून लेकरं व्हायची हायत तवर कुणी फाडतं का ती? मला एकच पोरगी. आन मधोमध हिरवा तुकडा. वर तुमी मोठ्या अक्षरात लावलेलं, ऊसतोडीच्या बायांच्या काढलेल्या गर्भपिशव्यांची गोष्ट म्हणून. मामी सातवी शिकलीय.

डॉक्टर: हे मला माहीत नव्हतं.

छबू: तुमी म्हणलात, शरीराची आठवण असंल ते कापड मधी लावा. म्या लावलं. तुमी त्याच्यावर हात फिरवला. म्हणलात, हिरवा काय सुंदर दिसतोय.

डॉक्टर: म्हणाले होते.

छबू: मला बी बरं वाटलं तवा. खोटं कशाला बोलू.

डॉक्टर: छबू, मी...

छबू: पुण्यात लावणार म्हणलात. पुणं लांब हाय, म्हणून दिली म्या. हितं कशी आली ती?

डॉक्टर: कारखान्याचे चेअरमन सुंदरराव पुण्यात प्रदर्शन बघायला आले होते. म्हणाले, आमच्या सभेत लावू, संचालकांना बघू दे जरा. मला वाटलं, ज्यांच्यासाठी ऊस तुटतो त्यांनी बघायलाच पाहिजे. पाठवून दिल्या.

छबू: आमाला न इचारता.

डॉक्टर: न विचारता.

छबू: संचालकांनी बघितल्या का मग?

डॉक्टर: ते आतल्या खोलीत जेवायला गेले होते म्हणे.

छबू: घ्या.

डॉक्टर: मी कॉलेजात हाच विषय शिकवते. बाई एकदा हो म्हणाली म्हणजे सगळ्यालाच हो म्हणाली असं होत नाही. प्रत्येक वेळी परत विचारायचं. दरवर्षी हेच सांगते पोरांना.

छबू: मग पोरं पास व्हत्यात का?

डॉक्टर: होतात.

छबू: मास्तरीणच नापास राह्यली म्हणायची.

डॉक्टर: घरी काय म्हणतात?

छबू: आत्याबाईला आमी अपेंडिसचं आपरेशन सांगितलं होतं. तिकडं तोडीवर असताना झालं ना. पाळी आली की काम सुटायचं, मुकादम वाटंल ते बोलायचा. तिथला डॉक्टर म्हणला पिशवी नासलीय, कॅन्सर व्हईल. आमचे मालक म्हणले, काढून टाकू. आन म्या बी म्हणलं काढा. ते तुमच्या भिंतीवर न्हाई लिवलं तुमी. मी बी काढाच म्हणलं होतं.

डॉक्टर: घाबरवलं होतं तुम्हाला.

छबू: भ्याले, आन जरा सुटल्यागत बी वाटलं. जाऊ द्या. इकडं ही म्हातारी सहा वर्सं झाली नातवासाठी मायंब्या देवाला नारळ फोडती. दर अमुशाला. मला संगं न्यायची. मी बी हात जोडून उभी राहायची तिथं. आता तिला कसं तोंड दाखवू?

डॉक्टर: आणि तुमचे मालक, पंडितराव?

छबू: ते खाली बघत्यात नुसते. गुरुवारी शिरूरची माणसं यायचीत.

डॉक्टर: कशाला?

छबू: पंडितरावाला दुसरी बघाया. नवरदेव लई पुढारलाय आता, दोन बायका करायला निघालाय.

डॉक्टर: कायद्याने करता येत नाही ते. मी बोलते त्यांच्याशी. वकील आहेत माझ्या ओळखीच्या.

छबू: वकील नगं. आत्याबाईला एवढंच म्हणा, ती साडी तुमी दिली. दुकानातनं आणून.

डॉक्टर: खोटं सांगू?

छबू: खरं सांगून झालं की.

डॉक्टर: छबू, ऐका. आता लपवलं तर पुढे...

छबू: आत्याबाई आल्या. पदर वढा डोक्यावर. ऱ्हाऊ द्या, तुमची वढणी हाय.

बायनाबाई: कोण हाय गं ही? पाण्याच्या टँकरवाली का?

छबू: पुण्याच्या डॉक्टरीणबाई, आत्याबाई.

बायनाबाई: गोधडीवाली व्हय. बरं झालं. म्हणलं, माणूस हाय तरी कसं ते बघावं. काय वो बाई, भिंतीला थंडी वाजती का तुमच्याकडं?

डॉक्टर: नाही मावशी.

बायनाबाई: मग टांगता कशाला? लई बेजार केलं तुमी आमाला. पंडितच्या बारशाला आला नसंल एवढा गाव आमच्या दारात येऊन गेला. कुणी हसाया, कुणी रडाया. रडाया आलेल्या जास्त वाईट.

डॉक्टर: माझी चूक झाली. गोधडी इथे आणायला नको होती.

बायनाबाई: ती झालीच. मला एक सांगा. ती मधली हिरवी साडी. ती माझ्या सुनंची हाय का?

छबू: आत्याबाई...

बायनाबाई: तू गप. मी बाईंला इचारलं. म्या सोता कडा गावच्या बाजारातनं आणली होती तिला. काठाला मोराची नक्षी होती. तुमच्या गोधडीला बी मोर हाय. आता सांगा.

डॉक्टर: नाही मावशी.

बायनाबाई: काय न्हाई?

डॉक्टर: छबूची नाही ती. मी आणली होती. नवीन. सगळ्या बायकांना दिली होती कापडं.

बायनाबाई: दुकानातनं.

डॉक्टर: दुकानातून.

बायनाबाई: तशी नक्षी मिळती व्हय पुण्यात.

डॉक्टर: मिळते.

बायनाबाई: डॉक्टर माणूस तुमी. शिकलेल्या. खोटं कशाला बोलताल.

डॉक्टर: मीच आणली, मावशी.

बायनाबाई: आता जरा मोठ्यानं बोला. पल्याडच्या दावणीला आमच्या आळीतली वत्सला हाय. तिचा कान चांगला हाय, पण तिकडून वारं हाय.

डॉक्टर: साडी मी आणली होती. दुकानातून.

बायनाबाई: आयकलं का गं वत्सला? आयकलं तिनं. सांजच्याला गावभर व्हईल. रुक्मिणीला बी कळंल तिचं सातवी शिकणं.

छबू: आत्याबाई, माझ्याकडं बघा तरी.

बायनाबाई: पेटीची किल्ली कुठाय तुझ्या?

छबू: ही काय.

बायनाबाई: दे हिकडं. माझ्या कमरंला राहू दे. उद्या कुणी म्हणलं दाखवा साडी, तर किल्ली म्हातारीपाशी हाय म्हणायचं. आन मी काय उघडत नसती.

छबू: आन गुरुवारचं?

बायनाबाई: शिरूरला निरोप धाडते, येऊ नका म्हणून. पंडितला म्या सांगते. तू घरी चल. तुझी पोरगी राणी रोज झोपताना रडती, माझ्याच्यानं उगी ऱ्हात न्हाई.

डॉक्टर: मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय. खरं म्हणजे...

बायनाबाई: नगं. एकदा बोललात तेवढं बास झालं.

डॉक्टर: मला लाज वाटतेय.

बायनाबाई: वाटू द्या. मायंब्याफुडं मला कोणती कमी वाटणार हाय आता. सहा वर्सं त्याला नारळ फोडले, आन सून शेजारी उभी. पोटात काय हाय, एक डाव तरी इचारावं का न्हाई म्या तिला. पाणी प्या. टँकरचंच हाय.

डॉक्टर: मी निघते. काही लागलं तर...

बायनाबाई: लागतंय की. ती गोधडी काढा तिथनं आन आणून द्या. थंडीत पोरीला पांघराय न्हाई.

डॉक्टर: उद्याच आणते.

बायनाबाई: आन गावातनं येताना बाई, हिरवं दिसणार न्हाई अशी, आतली बाजू वर करून घडी घाला.